चार शब्द बोलण्यापूर्वी

आपल्या विद्यालयात वर्षभर कार्यक्रमांची रेलचेल असते. संविधान दिन, महापरिनिर्वाण दिन, सावित्रीबाईंची जयंती, १४ एप्रिल, निरोप समारंभ. प्रत्येक प्रसंगी व्यासपीठावरून कुणा ना कुणाचे नाव पुकारले जाते आणि त्याला ‘चार शब्द बोलावेत’ अशी विनंती होते. विद्यार्थी उठतो, खिशातला घडी घातलेला कागद चाचपतो, मान्यवरांची नावे एका दमात म्हणतो आणि पाठ केलेले भाषण सुरू करतो. मध्येच एखादे वाक्य निसटते. मग तो छताकडे पाहतो, पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात करतो आणि शेवटी ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवितो’ असे म्हणून घाईघाईने खाली उतरतो. टाळ्या होतात. परंतु तो काय बोलला, हे दुसऱ्या दिवशी कुणालाही आठवत नाही. पुष्कळदा ते त्यालाही आठवत नाही.

वसतिगृहात राहून शिकलेल्या आपल्यापैकी बहुतेकांनी हा प्रसंग अनुभवलेला आहे. त्याकडे हसून पाहता येते. मात्र पुढील आयुष्यात हेच चार शब्द फार मोलाचे ठरतात. नोकरीची मुलाखत, बँकेतील कर्जाची मागणी, महाविद्यालयातील प्रकल्पाचे सादरीकरण, शाळा व्यवस्थापन समितीची बैठक, ग्रामसभा, या सर्व ठिकाणी आपले म्हणणे ठरावीक वेळेत, ऐकणाऱ्याला समजेल अशा क्रमाने मांडावे लागते. ज्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या बोलणारी माणसे झाली, त्यांना हे कसब घरीच मिळते. आपल्यातील अनेकांच्या आजोबांना सभेत उभे राहण्याचीही मुभा नव्हती. त्यामुळे हे कसब आपल्याला जाणीवपूर्वक शिकावे लागते आणि ते शिकता येते, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

एका ग्रामसभेतील धडा

प्रथम माझी स्वतःची एक फजिती सांगतो. अनेक वर्षांपूर्वी, नुकताच पदवीधर झालेला असताना, मी आमच्या गावच्या ग्रामसभेत वाडीच्या पाण्याचा प्रश्न मांडण्यासाठी उभा राहिलो. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तरी एप्रिल-मे महिन्यांत वाडीवाडीत हंड्यांच्या रांगा लागतात, हे आपण सर्व जाणतो. मी वीस मिनिटे बोललो. अन्यायाचा इतिहास सांगितला, थोरांची वचने सांगितली, आवाज चढवला. बाकांवरून टाळ्याही मिळाल्या. त्यानंतर सभाध्यक्षांनी शांतपणे विचारले, ‘मग ठराव काय लिहायचा?’ मी गोंधळलो. नवी विहीर हवी, जुन्या विहिरीची दुरुस्ती हवी, की वरच्या वाडीच्या टाकीवरून नळ हवा, याचा मी विचारच केला नव्हता. ‘पुढील सभेत घेऊ,’ असे म्हणून विषय संपला. त्या उन्हाळ्यातही आमच्या वाडीतील बायका उतारावरच्या विहिरीवरून पाणी वाहत राहिल्या.

परतताना शेजारच्या काकी म्हणाल्या, ‘बोललास बेस रे बाला, पन मागितलास काय?’

अक्षरओळख नसलेल्या त्या माउलीने मला वक्तृत्वाचा पहिला धडा दिला. पुढे शिक्षकी पेशात आलो, शेकडो विद्यार्थ्यांची भाषणे बसवून घेतली, थोरांची भाषणे अभ्यासली. परंतु प्रत्येक वेळी सुरुवात काकींच्या त्या प्रश्नापासूनच केली.

पहिला प्रश्न : हेतू कोणता?

बोलण्याची तयारी कागद-पेन घेऊन भाषण लिहिण्यापासून सुरू होत नाही. ती एका वाक्यापासून सुरू होते. ‘माझे बोलणे संपल्यावर ऐकणाऱ्यांनी काय समजून घ्यावे, काय ठरवावे किंवा काय करावे?’ या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात लिहिता आले पाहिजे. ते वाक्य लिहिता येत नसेल, तर विषय अजून आपल्यालाच नीट उमगलेला नाही, असे समजावे.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेत बाबासाहेबांनी केलेले अध्यक्षीय भाषण या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. त्याच वर्षी २० मार्च रोजी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले गेले होते आणि त्यावरून मोठा क्षोभ उसळला होता. बाबासाहेबांनी आपला हेतू निःसंदिग्ध शब्दांत मांडला. त्या तळ्याचे पाणी प्यायलो नाही म्हणून आपण मरणार नाही; तेथे जायचे ते केवळ तहान भागविण्यासाठी नाही, तर इतरांसारखीच आपणही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी, असा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. पुढे त्यांनी फ्रान्समधील १७८९च्या राष्ट्रीय सभेचा दाखला दिला. हेतू आधीच पक्का असल्यामुळे दूरदेशीचा हा दाखलाही श्रोत्यांना परका वाटला नाही. तो समतेच्या त्याच धाग्यात ओवला गेला.

दुसरा प्रश्न : समोर कोण आहे?

धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी नगरातील एका गरीब शेतकऱ्याची कथा आहे. तथागत तेथे आले असता लोक उपदेश ऐकण्यास जमले. त्या शेतकऱ्याचा बैल नेमका त्याच दिवशी हरवला होता. तो रानात शोधून, बैल कळपात सोडून, उपाशीपोटी धापा टाकत सभेला पोहोचला. तथागतांनी तोपर्यंत बोलण्यास सुरुवात केली नव्हती. त्यांनी प्रथम त्याला जेवू घालण्यास सांगितले आणि त्याचे पोट भरल्यावरच उपदेश केला. भुकेने व्याकूळ झालेल्या माणसाच्या कानांवर शब्द पडतात, पण मनापर्यंत पोहोचत नाहीत, हे ते जाणून होते. दुपारी एक वाजता, जेवणाची घंटा होऊन गेल्यावर, विद्यार्थ्यांना तासभर मार्गदर्शन करणाऱ्या आपण सर्वांनी ही कथा लक्षात ठेवावी.

सुत्तनिपातात कसिभारद्वाज नावाच्या ब्राह्मण शेतकऱ्याचा प्रसंग येतो. ‘मी नांगरतो, पेरतो आणि मग खातो, तुम्हीही तसेच करा,’ असे तो तथागतांना सुनावतो. तथागत त्याच्याशी वाद घालत नाहीत. आपणही शेतीच करतो, असे सांगून बी, पाऊस, जू आणि नांगर या त्याच्या रोजच्या वस्तूंच्या आधारे ते आपला मार्ग उलगडून दाखवितात. श्रोत्याच्या अंगणातून बोलण्यास प्रारंभ करावा, हा त्याचा अर्थ.

महाडलाही हेच दिसते. परिषदेनंतर बाबासाहेबांनी उपस्थित स्त्रियांपुढे वेगळे भाषण केले. त्यात त्यांनी राज्यक्रांतीचे दाखले न देता लुगडे नेसण्याची पद्धत, दागिने, स्वच्छता, मुलींचे शिक्षण अशा रोजच्या गोष्टींविषयी सांगितले. स्वाभिमानाचा मुद्दा तोच होता, परंतु श्रोते बदलले तशी त्याची मांडणी बदलली.

म्हणून तयारी करताना काही प्रश्न स्वतःला विचारावेत. ऐकणारे किती आहेत? त्यांना या विषयाची माहिती किती आहे? त्यांची शंका किंवा नाराजी कोणती असू शकेल? निर्णय घेण्याचा अधिकार त्यांच्यापैकी कुणाकडे आहे? आणि ते किती वेळ बसू शकतील? यांची उत्तरे मिळाली की भाषणातील निम्मा अनावश्यक मजकूर आपोआप गळून पडतो.

तिसरा प्रश्न : क्रम कोणता?

पाली वाङ्मयात ‘आनुपूर्वी कथा’ असा एक सुंदर शब्द आहे. आनुपूर्वी म्हणजे पायरीपायरीने. वाराणसीच्या श्रेष्ठीपुत्र यशाला उपदेश करताना तथागत प्रथम दानाविषयी बोलले, मग शीलाविषयी, मग सत्कर्माच्या सुफळाविषयी, त्यानंतर भोगलालसेचे दोष आणि त्यागाचे लाभ यांविषयी. त्याचे मन तयार झाल्यावरच त्यांनी चार आर्यसत्ये सांगितली. स्वच्छ धुतलेल्या वस्त्रावर रंग नीट चढतो, तसा त्याला धम्म उमगला, असे तेथे वर्णन आहे. सोप्याकडून कठीणाकडे आणि परिचिताकडून अपरिचिताकडे जाण्याचे जे तत्त्व आज अध्यापनशास्त्रात शिकवले जाते, ते या क्रमात स्पष्ट दिसते.

चार आर्यसत्यांची रचनाही लक्षात घेण्यासारखी आहे. दुःख आहे, दुःखाला कारण आहे, त्याचा निरोध शक्य आहे आणि त्या निरोधाचा मार्ग आहे. एखाद्या वैद्याने रोग, निदान, बरे होण्याची शक्यता आणि उपचार सांगावेत, तसा हा क्रम आहे. कोणत्याही सार्वजनिक प्रश्नाच्या मांडणीसाठी याहून सुटसुटीत आराखडा मिळणे कठीण. अडचण कोणती, ती का निर्माण झाली, ती दूर होऊ शकते काय, आणि त्यासाठी नेमके काय करावे लागेल, एवढ्या चार घरांत आपले म्हणणे बसते का, ते पाहावे. माझे ग्रामसभेतील वीस मिनिटांचे भाषण पहिल्याच घरात अडकून पडले होते.

आणखी एक गोष्ट. इसिपतनात ज्या पाच जणांपुढे पहिले प्रवचन झाले, ते श्रोते अनुकूल नव्हते. गौतमाने कठोर तपश्चर्या सोडली म्हणून ते रुष्ट होते. त्यांनी त्यांचे स्वागत न करण्याचेही ठरविले होते. प्रवचनाच्या प्रारंभीच तथागतांनी दोन टोकांचा विषय काढला. भोगविलास हे एक टोक आणि देहदंडन हे दुसरे. दोन्ही टाळून मधला मार्ग घ्यावा. म्हणजे श्रोत्यांच्या मनात जो आक्षेप होता, त्याचेच निरसन आधी केले. मनात आक्षेप धरून बसलेला श्रोता पुढचे काहीच ऐकत नाही. म्हणून आक्षेप ठाऊक असेल तर तो आपणच प्रथम, सौजन्याने, पुढे ठेवावा.

एका थोर भाषणाचा आराखडा

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी केलेले समारोपाचे भाषण आपण दरवर्षी संविधान दिनाच्या निमित्ताने आठवतो. त्यातील विचारांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे केवळ त्याची बांधणी पाहू.

प्रारंभी भावनेला आवाहन नाही, हिशेब आहे. ९ डिसेंबर १९४६ रोजी सभा प्रथम भरली, त्याला २ वर्षे, ११ महिने व १७ दिवस झाले. ११ अधिवेशने झाली, त्यांत १६५ दिवस खर्ची पडले आणि त्यांपैकी ११४ दिवस मसुद्याच्या विचारासाठी लागले. मसुदा समितीचे काम १४१ दिवस चालले. सुमारे ७,६३५ दुरुस्त्या सुचविल्या गेल्या आणि त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. अंतिम संविधानात त्या वेळी ३९५ अनुच्छेद व ८ परिशिष्टे होती.

हे आकडे माहितीचा बडेजाव म्हणून आलेले नाहीत. सभेने फार वेळ घेतला व जनतेचा पैसा वाया घालवला, असा आक्षेप त्या काळी घेतला जात होता. त्याला उत्तर म्हणून अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका या देशांच्या संविधान निर्मितीला लागलेला काळ त्यांनी तारखांसह सांगितला आणि ती संविधाने आपल्या संविधानाहून आकाराने किती लहान होती, हेही दाखवून दिले. इसिपतनातील प्रवचनाप्रमाणे येथेही आक्षेपाचे निरसन आधी झाले.

त्यानंतर कृतज्ञता. आपल्यावर झालेला कौतुकाचा वर्षाव त्यांनी एकट्याने स्वीकारला नाही. घटनात्मक सल्लागार सर बी. एन. राव, मसुदा समितीतील सहकारी, मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांच्या श्रमांचा त्यांनी उल्लेख केला. सभागृहात सातत्याने विरोधी सूर लावणाऱ्या सदस्यांमुळे चर्चेला अर्थ आला, हेही मोकळेपणाने मान्य केले. आभाराची ही पद्धत आपण शिकावी. केवळ नावांची यादी वाचण्याऐवजी कुणी काय केले, हे एका वाक्यात सांगितले की आभाराला वजन येते.

मग भाषण वळण घेते. येथेच थांबता आले असते, परंतु देशाच्या भवितव्याचा विचार मनात दाटला आहे, अशा आशयाचे सांगून ते पुढे जातात. या वळणानंतर २६ जानेवारी १९५० ही तारीख तीनदा येते. त्या दिवशी देश स्वतंत्र असेल, पण ते स्वातंत्र्य टिकेल काय? त्या दिवशी देश लोकशाहीचा असेल, पण ती लोकशाही टिकेल काय? आणि त्या दिवशी आपण विसंगतींनी भरलेल्या जीवनात प्रवेश करू. राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता. रस्त्यावर मैलाचे दगड असावेत, तशी ही तारीख ऐकणाऱ्याला सांगते की आता नवा मुद्दा आला.

लोकशाही टिकविण्यासाठी त्यांनी तीनच गोष्टी सांगितल्या. संविधानिक मार्गांची कास धरणे, कोणत्याही थोर पुरुषाच्या चरणी आपले स्वातंत्र्य अर्पण न करणे आणि राजकीय लोकशाहीला सामाजिक लोकशाहीची जोड देणे. त्यांच्यासारख्या विद्वानाला पंधरा गोष्टी सांगता आल्या नसत्या काय? परंतु ऐकणाऱ्याच्या लक्षात राहतात त्या तीनच. भारताला लोकशाही अपरिचित नव्हती, हे पटवून देण्यासाठी त्यांनी बौद्ध भिक्खू संघातील बैठकव्यवस्था, प्रस्ताव, गणपूर्ती आणि मतमोजणी यांच्या नियमांचा दाखला दिला. आणि शेवट केला तो जबाबदारीवर. स्वातंत्र्य मिळाल्यामुळे आता दोष परकीयांवर ढकलता येणार नाही, ही जाणीव देऊन त्यांनी श्रोत्यांच्या हाती काम सोपविले.

या भाषणाचा सांगाडा सहा ओळींत लिहिता येतो. झालेल्या कामाचा हिशेब, आक्षेपांना उत्तर, सहकाऱ्यांचे ऋण, भविष्याकडे वळण, तीन सूचना आणि श्रोत्यांवर सोपविलेली जबाबदारी. आपल्या संस्थेचा वार्षिक अहवाल मांडणाऱ्या सचिवांपासून बचत गटाच्या अध्यक्षांपर्यंत कुणालाही हा सांगाडा वापरता येईल.

पाच मिनिटांचा नमुना

आता पाण्याचाच प्रश्न घेऊन एक नमुना पाहू. समजा, वाडीत ४० घरे आणि २०० माणसे आहेत. ग्रामसभेत आपल्याला पाच मिनिटे मिळणार आहेत. सावकाश बोलणारा माणूस मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे शब्द बोलतो. म्हणजे हाती पाचशे-सहाशे शब्द आहेत, त्याहून अधिक नाहीत.

पहिल्या अर्ध्या मिनिटात मागणी सांगावी : ‘वरच्या वाडीच्या टाकीवरून आमच्या वाडीपर्यंत नळजोडणी करावी, असा ठराव आज व्हावा, ही आमची विनंती आहे.’ पुढचे एक मिनिट परिस्थितीसाठी. जलजीवन मिशनने ग्रामीण भागात दरडोई दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण ठरविले आहे. त्या हिशेबाने वाडीला दररोज ११,००० लिटर पाणी लागेल. पण ‘११,००० लिटर’ हा आकडा सभेला दिसत नाही. तोच असा सांगावा : पाच माणसांच्या घराला २७५ लिटर, म्हणजे १५ लिटरचे सुमारे १८ हंडे. डोक्यावर एक आणि कमरेवर एक घेऊन बाईला नऊ फेऱ्या माराव्या लागतील. एका फेरीला अर्धा तास धरला तर साडेचार तास. आता तो आकडा प्रत्येकाला दिसेल, कारण प्रत्येकाच्या घरात हंडा आहे.

तिसरे मिनिट कारणासाठी : विहीर उतारावर आहे, ती मार्चअखेर आटते, टाकी वाडीपासून किती अंतरावर आहे. त्यानंतरचे दीड मिनिट उपायासाठी : जलवाहिनी कोणत्या वाटेने येईल, कुणाची जागा लागेल, त्यांची संमती घेतली आहे का, अंदाजे खर्च किती. अर्धे मिनिट आक्षेपासाठी : ‘वरच्या वाडीचे पाणी कमी होईल, अशी शंका काहींना वाटेल, म्हणून सोडण्याच्या वेळा वेगळ्या ठेवाव्यात.’ आणि शेवटचे अर्धे मिनिट पुन्हा मागणीसाठी, त्याच शब्दांत. सूचक कोण आणि अनुमोदक कोण, हे आधीच ठरलेले असावे. लेखी अर्ज सोबत द्यावा आणि त्याची पोच घ्यावी, कारण तोंडी बोललेले विरून जाते आणि इतिवृत्तात लिहिलेले उरते.

तयारीच्या काही व्यावहारिक गोष्टी

३१ मे १९३६ रोजी मुंबईत झालेल्या महार परिषदेत धर्मांतराविषयी बोलताना बाबासाहेबांनी नावाड्याची उपमा दिली होती. प्रवासाला निघण्यापूर्वी नावाड्याला जशी सारी तयारी करावी लागते, तशीच आपल्यालाही करावी लागेल, असा तिचा आशय होता. मिरकरवाड्याच्या बंदरात नौकांची लगबग पाहिलेल्या आपल्या मुलांना ही उपमा वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. डिझेल, बर्फ, जाळी, हवामानाचा अंदाज, हे सर्व किनाऱ्यावरच पाहावे लागते. भाषणाचेही तसेच आहे.

संपूर्ण भाषण पाठ करू नये. एक शब्द निसटला की सारी माळ तुटते. पहिली दोन आणि शेवटची दोन वाक्ये मात्र पक्की असावीत. मधल्या भागासाठी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर मुद्द्यांचे पाच-सहा शब्द पुरेसे आहेत. मोबाइलवरून उतरवून घेतलेले भाषण वाचू नये. त्यातील शब्द आपले नसतात, हे श्रोत्यांना पहिल्याच मिनिटात कळते.

सराव मोठ्याने करावा आणि घड्याळ लावून करावा. मनातल्या मनात म्हटलेले भाषण नेहमीच छोटे वाटते. सरावाच्या वेळी विषय ठाऊक नसलेल्या एखाद्याला समोर बसवावे आणि शेवटी त्याला एकच प्रश्न विचारावा : ‘मी काय सांगितले?’ त्याचे उत्तर आपल्या हेतूशी जुळले नाही, तर दोष मांडणीचा आहे, ऐकणाऱ्याचा नाही.

पडद्यावर स्लाइड दाखवायच्या असतील तर एका स्लाइडवर एकच मुद्दा असावा. शेवटच्या रांगेतून वाचता येईल एवढे मोठे अक्षर घ्यावे. पडद्यावरचाच मजकूर वाचून दाखवू नये. वाचता श्रोत्यांनाही येते. आणि कोकणात पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून पडद्यावाचूनही बोलता येईल, एवढी तयारी ठेवावी.

भीती सर्वांनाच वाटते. ती लपविण्यासाठी माणूस भरभर बोलतो आणि त्यामुळे आणखी अडखळतो. व्यासपीठावर गेल्यावर लगेच तोंड उघडू नये. सकाळच्या आनापानात आपण जसे श्वासाकडे लक्ष देतो, तसे दोन-तीन श्वास पाहावेत, समोरच्या एखाद्या ओळखीच्या चेहऱ्याकडे पाहावे आणि मगच पहिले वाक्य उच्चारावे. बोलीभाषेचा संकोच बाळगू नये. उच्चार स्पष्ट असावा एवढेच. संगमेश्वरी वळण आले म्हणून मुद्द्याचे वजन कमी होत नाही. काकींचा प्रश्न मला आजवर लक्षात आहे, तो त्यांच्या बोलीसकट.

बोलणाऱ्याचे शील

अंगुत्तर निकायातील एका सुत्तात कौशांबीचा प्रसंग आहे. भिक्खू उदायी मोठ्या गृहस्थसमुदायाला उपदेश करीत असल्याचे आनंदांनी सांगितले, तेव्हा तथागत म्हणाले की दुसऱ्यांना उपदेश करणे सोपे नाही. त्यासाठी त्यांनी पाच गोष्टी सांगितल्या : क्रमाने बोलावे, कारण दाखवून बोलावे, अनुकंपेने बोलावे, लाभाच्या आशेने बोलू नये आणि स्वतःला वा दुसऱ्याला दुखवून बोलू नये.

यांतील पहिल्या दोन गोष्टी मांडणीच्या आहेत, उरलेल्या तीन वृत्तीच्या. केवळ पहिल्या दोन शिकलेला माणूस चतुर वक्ता होईल. परंतु चुकीच्या गोष्टीही तितक्याच परिणामकारकपणे पटवून देईल. आकडा ठाऊक नसेल तर तो सांगू नये. विरोधकाचे म्हणणे मोडतोड करून मांडू नये. आणि टाळ्यांसाठी कुणाच्या जातीवर, गरिबीवर किंवा व्यंगावर विनोद करू नये. पंचशीलातील असत्य न बोलण्याचा संकल्प आपण सभेच्या प्रारंभी घेतो. तो सभा संपेपर्यंत तरी पाळला पाहिजे.

शेवटी

पुढच्या वर्षी मी त्याच ग्रामसभेत पुन्हा उभा राहिलो. या वेळी सहा मिनिटे बोललो. हंड्यांचा हिशेब सांगितला, दुरुस्तीची मागणी पहिल्या व शेवटच्या वाक्यात ठेवली आणि वरच्या वाडीतील एका गृहस्थांनाच अनुमोदक होण्याची विनंती आधी केली होती. ठराव झाला. काम पूर्ण होण्यास त्यानंतरही दोन उन्हाळे गेले, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. भाषणाने विहीर खोल होत नाही. परंतु इतिवृत्तात आमची मागणी लिहिली गेली होती आणि ती दाखवून पाठपुरावा करता आला.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. आपण मुंबई-पुण्याहून विद्यालयाच्या भेटीस येता, तेव्हा मुलांना मार्गदर्शन जरूर करा. पण त्यानंतर दहा मिनिटे मुलांना बोलू द्या आणि आपण ऐका. पालकांनाही सांगावेसे वाटते की रविवारी वसतिगृहात फोन कराल तेव्हा ‘जेवलास का?’ या प्रश्नानंतर आणखी एक प्रश्न विचारा : ‘या आठवड्यात काय नवीन शिकलास, ते मला तीन वाक्यांत सांग.’ आणि समजले नाही, तर समजले नाही असे मोकळेपणाने सांगा. आपले लेकरू पुन्हा सांगेल, अधिक सोपे करून सांगेल. मांडणीचे शिक्षण तेथूनच सुरू होते.

आणि विद्यार्थी मित्रांनो, पुढच्या कार्यक्रमात तुमचे नाव पुकारले जाईल, तेव्हा खिशातल्या कागदाच्या वरच्या ओळीवर काकींचा प्रश्न लिहून ठेवा. त्याचे उत्तर तयार असेल, तर चार शब्द पुरेसे होतात.